बोट लागल्याचें निमित्त

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांतील साखरा हें आमचें गांव. मुंबईचा समुद्रकिनारा येथून रस्त्यानें पांचशें किलोमीटरांहून दूर. नदी म्हणजे कयाधू आणि अथांग पाणी म्हणजे येलदरीचें धरण, एवढीच आम्हां गांवकऱ्यांची जलसृष्टीशीं ओळख. सोयाबीन, तूर व हळद यांच्या या मुलखांत ज्याचें सारें आयुष्य मुलांकडून शब्दांचीं रूपें घोकून घेण्यांत गेलें, त्या शाळामास्तरानें साठी उलटल्यावर समुद्रपर्यटनास निघावें, हा योग विलक्षणच म्हणावयाचा. परंतु आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त सिंगापुरास असतात. गेल्या हिवाळ्यांत त्यांनीं आम्हां उभयतांस तिकडे बोलाविलें आणि आम्ही पोहोंचण्यापूर्वींच चार रात्रींच्या जहाजप्रवासाचीं तिकिटें काढून ठेविलीं. सिंगापुराहून पिनांग, तेथून फुकेत, आणि मग मलाक्काच्या सामुद्रधुनींतून परत सिंगापूर, असा बेत होता.

प्रवासवर्णन म्हटलें कीं सूर्योदय, सूर्यास्त आणि चांदण्यांतील लाटा यांची वाचकांस अपेक्षा असते. त्या सर्व गोष्टी आम्हीं पाहिल्या व त्या पाहाण्यासारख्याच होत्या. परंतु आज सांगावयाची हकीगत पोटाच्या दुखण्याची आहे. विषय किंचित् ग्राम्य आहे खरा. तथापि तो सांगण्याचें ज्या वेळीं अगत्य होतें, त्या वेळीं आम्हीं तो लाजेस्तव सांगितला नाहीं, आणि त्याचा दंड दुसऱ्यांस भरावा लागला. म्हणून आतां लाज बाजूस ठेवून लिहितों.

जहाज कसलें, तें एक तरंगतें गांवच! तीन हजारांच्या आसपास उतारू, हजारावर नोकरचाकर, एकावर एक पंधरा मजले आणि खालींवर जाण्यास लिफ्ट. साखऱ्यांत एका आळीच्या माणसाची दुसऱ्या आळीच्या माणसाशीं आठवडाभर गांठ पडली नाहीं तरी चालतें. येथें मात्र तेच कठडे, तींच बटणें, तेच चिमटे आणि तेच डाव दिवसभर हजारों हातांखालून जात असतात. भोजनगृहांत तर अन्नाच्या राशीच मांडलेल्या असत. ज्यानें त्यानें हवें तें हवें तितकें वाढून घ्यावें. चरकसंहितेच्या विमानस्थानांत 'त्रिविधकुक्षीय' नांवाचा अध्याय आहे. पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नास द्यावा, एक पातळ पदार्थांस द्यावा आणि एक वातादि दोषांसाठीं मोकळा ठेवावा, असें तेथें सांगितलें आहे. आणि त्याच अध्यायांत विसूचिकेचें, म्हणजे वांती व जुलाब एकदम सुरू होणाऱ्या रोगाचें, विवेचन आहे. हें सारें आम्हीं जेवतांना नातवास ऐकविलें. नातू आठ वर्षांचा. "आजोबा, तो तिसरा भाग आईस्क्रीमचा ना?" असें विचारून त्यानें आम्हांस निरुत्तर केलें.

आमचा स्वतःच्या शुचित्वावर फार भरंवसा होता. पळीपंचपात्र आम्हीं बरोबर नेलें होतें. दोन्ही वेळची संध्या चुकत नसे. सामिष पदार्थांच्या बाजूस आम्ही फिरकतही नसूं. जहाजावर चढण्यापूर्वीं एक पत्रक भरून घेतात. गेल्या कांहीं दिवसांत वांती वा जुलाब झाले आहेत काय, असा त्यांत प्रश्न असतो. त्यास आम्हीं "नाहीं" असें ठसठशीत उत्तर लिहिलें, आणि तें त्या वेळीं खरें होतें. भोजनगृहाच्या दारांत हात धुण्याचे नळ होते व त्यांच्या शेजारीं एक मुलगी सॅनिटायझरची बाटली घेऊन उभी असे. बहुतेक लोक नळाकडे न वळतां तिच्यापुढेंच हात पसरीत. आम्हीही तीर्थ घ्यावें तसा तो थेंब तळहातावर घेत असूं आणि आपण शुद्ध झालों असें समजून ताट उचलीत असूं.

दुसऱ्या दिवशीं पिनांग झालें. तेथें जॉर्जटाउनच्या जुन्या पेठेंत १८३३ सालचें महामारिअम्मनचें देऊळ आहे. दर्शन घेतलें, थोडे हिंडलों आणि जहाजावर परतलों. रात्रीं दोनच्या सुमारास एकाएकीं पोटांत असें ढवळून आलें कीं न्हाणीघर गांठण्याचीही उसंत मिळाली नाहीं. पहांटेपर्यंत तीन वांत्या आणि चार-पांच जुलाब झाले. सौभाग्यवतीस जाग आली.

"अहो, काय होतंय? मुलाला हांक मारूं का?"

"कांहीं नको. बोट लागली आहे."

समुद्रावर मळमळूं लागलें म्हणजे कोंकणांतील लोक 'बोट लागली' असें म्हणतात. हा वाक्प्रचार आम्हीं आजवर केवळ वाचला होता. तो अशा कामीं येईल असें वाटलें नव्हतें. वस्तुतः त्या रात्रीं समुद्र परातींतल्या पाण्यासारखा निश्चल होता. तिनें आलेपाकाची एक वडी काढून दिली आणि ती पुनः निजली. आम्हीं खराब झालेला टॉवेल गुंडाळून धुवावयाच्या इतर कपड्यांखालीं दडपून ठेविला.

टेबलावर एक छापील सूचना होती. पोटाची तक्रार होतांच दवाखान्यास कळवावें व खोलीबाहेर पडूं नये, असा तिचा आशय. ती आम्हीं पहिल्याच दिवशीं चाळिशी लावून वाचली होती. मग कां कळविलें नाहीं? एक कारण असें कीं, कळविणाऱ्यास तक्रार थांबल्यावरही दिवस-दोन दिवस खोलींतच राहावें लागतें, आणि उजाडतां फुकेत येणार होतें. तेथें नातवाचा हात धरून समुद्रांत उभें राहाण्याचें आम्हीं वचन दिलें होतें. दुसरें कारण याहून हलकें. एवढा सोंवळ्याओंवळ्याचा माणूस, आणि रोगाला पहिला बळी तोच, हें चारचौघांत व्हावें हें मनास रुचेना. खोटें बोलल्याबद्दल ज्यानें तीस-पस्तीस वर्षें मुलांस बाकावर उभें केलें, त्यानें त्या रात्रीं एक सोयीचें वाक्य तयार केलें आणि अंगावर चादर ओढून तो पडून राहिला.

सकाळीं पोट रिकामें झाल्यामुळें बरें वाटूं लागलें. आम्ही न्याहारीस गेलों. दहीभात वाढून घेतांना डाव हातीं घेतला, पावाच्या टोपलींतला चिमटा उचलला, आणि शेजारच्या टेबलावर एकट्या बसलेल्या एका वृद्ध बाईंस पाण्याचा पेला भरून दिला. लिफ्टचें बटण दाबलें. फुकेतला नातवाचा हात धरून गुडघाभर पाण्यांत उभे राहिलों. तो दिवस फार आनंदाचा गेला.

त्याच रात्रीं एकच्या सुमारास सौभाग्यवतीस सुरू झालें. आमच्यापेक्षां तिचें दुखणें कितीतरी जोराचें होतें. पहांटे पाहातों तों डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, पायांस गोळे येत असलेले, आणि हांक मारली तर ओ देण्यासही त्राण नाहीं. तिला रक्तदाबाचा विकार, गोळ्या चालू. चिरंजीवांनीं फोन करतांच हातमोजे व मुखपट्टी घातलेली परिचारिका चाकांची खुर्ची घेऊन आली. जहाजाच्या पोटांत एक लहानसा दवाखाना असतो. तेथें तिला निजवून सलाईन लाविलें. सभोंवार पाणी, आणि सिंगापूर दुसऱ्या दिवशीं सकाळीं. सलाईनचा थेंब पडतांना पाहात बसण्यावांचून आम्हांस दुसरें कांहीं करण्यासारखें नव्हतें.

डॉक्टरांनीं विचारलें, कुटुंबांत आणखी कोणास त्रास आहे काय? चिरंजीव म्हणाले, "नाहीं." तेव्हां आम्हांस बोलावें लागलें. "आम्हांस झाला होता. काल पहांटे दोन वाजल्यापासून." चिरंजीवांनीं वळून आमच्याकडे पाहिलें, कांहीं बोलले नाहींत. डॉक्टर रागावले नाहींत. त्यांनीं वेळ टिपून घेतली आणि विचारलें कीं, त्यानंतर आपण कोठें कोठें जेवलां, कोठें बसलां, कोणाच्या हातास हात लाविला? आम्ही सांगत गेलों आणि ते लिहीत गेले. सारा कागद भरला.

दुपारीं आमच्या खोलीची शुद्धि झाली. खोलीची निगा ठेवणारा तरुण गोमंतकीय होता. गोव्याच्या अनेक घरांतील पुरुष पिढ्यान् पिढ्या जहाजांवर चाकरी करीत आले आहेत, त्यांपैकीं तो एक. अंगभर झगा घालून तो व त्याचा एक सोबती क्लोरिनचें पाणी घेऊन आले, आणि दाराच्या मुठीपासून दिव्याच्या बटणापर्यंत सर्व कांहीं पुसूं लागले. तो वास आमच्या ओळखीचा होता. गांवच्या विहिरींत ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएलची पावडर टाकतो, तिचाच तो वास. आम्ही बाहेर उभे होतों. काम आटोपल्यावर तो हळूच म्हणाला, "काका, त्या टॉवेलाचं मला सांगायला पाहिजे होतं. काल मी तुमच्या खोलींतून निघून आणखी अकरा खोल्यांत गेलों."

यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं.

या रोगाचें नांव नोरोव्हायरस. आमच्यासारख्या सामान्य वाचकास जेवढें समजलें तेवढें सांगतों. १९६८ सालीं अमेरिकेंतील ओहायो राज्यांत नॉरवॉक या गांवच्या एका शाळेंत मुलांस व शिक्षकांस एकदम वांत्या होऊं लागल्या. त्या रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत १९७२ सालीं अल्बर्ट कापिकियन यांस इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांतून हा विषाणु दिसला. गांवावरूनच पुढें त्याचें नांव पडलें. हा शरीरांत गेल्यापासून बारा ते अठ्ठेचाळीस तासांत रोग प्रकट होतो व बहुधा एक ते तीन दिवसांत ओसरतो. परंतु रुग्णाच्या मळांतून व वांतींतून तो असंख्य बाहेर पडतो आणि दुसऱ्यास आजारी पाडण्यास त्याचे अगदीं थोडे कण पुरतात. कठड्यावर वा दाराच्या मुठीवर तो कित्येक दिवस तग धरतो; बरें वाटूं लागल्यावरही माणसाच्या मळांतून कांहीं दिवस बाहेर पडत राहातो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, सॅनिटायझरमधील अल्कोहोलास तो फारसा दाद देत नाहीं. त्याला घालविण्याचा उपाय म्हणजे साबण लावून निदान वीस सेकंद हात चोळणें व वाहत्या पाण्याखालीं धुणें. म्हणजे ज्या थेंबास आम्ही तीर्थ समजत होतों त्यापेक्षां शेजारचा नळ अधिक पुण्यवान् होता!

जहाजांवर हा रोग वारंवार होतो असा सर्वत्र बोभाटा आहे. २०१४ च्या जानेवारींत 'एक्स्प्लोरर ऑफ द सीज' या जहाजावर तीन हजारांवर उतारूंपैकीं सहाशेंहून अधिक आजारी पडले व सफर अर्ध्यावर सोडून परतावें लागलें. परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. अमेरिकेच्या बंदरांस लागणाऱ्या मोठ्या जहाजांस पोटाच्या रुग्णांची संख्या तेथील सरकारी रोगनियंत्रण केंद्रास कळवावी लागते, आणि ती उतारूंच्या वा नोकरांच्या संख्येच्या शेंकडा तीन झाली कीं सांथ म्हणून तिची जाहीर नोंद होते. याच केंद्राच्या म्हणण्याप्रमाणें नोरोव्हायरसच्या एकंदर नोंदलेल्या सांथींपैकीं जहाजांवरील सांथी अवघ्या शेंकडा एक आहेत. बाकीच्या जमिनीवर, रुग्णालयांत, वृद्धाश्रमांत, शाळांत व उपाहारगृहांत होतात. जहाजावर रोग दिसतो, कारण तेथें कोणी तरी तो मोजतो. आमच्या लग्नांच्या पंगती व भंडारे यांनंतर किती घरांत रात्रभर दिवा जळतो, याची मोजदाद कोण ठेवतो?

सायंकाळीं तो गोमंतकीय तरुण पाणी घेऊन आला तेव्हां बोलतां बोलतां म्हणाला कीं, त्याची आजी या दुखण्यास 'मोडशी' म्हणत असे. हा शब्द आमच्याही आजीच्या तोंडचा! त्याचा इतिहास मोठा आहे. १५४३ सालीं गोव्यांत पटकीसारख्या रोगाची भयंकर सांथ आली होती. तिचें वर्णन गास्पार कोर्रेया या पोर्तुगीज बखरकारानें केलें आहे. पुढें १५६३ सालीं गोव्यांतच छापलेल्या ग्रंथांत गार्सिया द ओर्ता या वैद्यानें या रोगाची चिकित्सा लिहिली. 'मोडशी' हा आपला शब्द पोर्तुगिजांनीं उचलला, आणि त्यांच्याकडून तो फ्रेंचांकडे जातां जातां 'मोर-द-श्यां', म्हणजे 'कुत्र्याचें मरण', असा होऊन बसला. रोग जहाजांतून हिंडतात, तसे शब्दही हिंडतात.

आणि रोग पायींही हिंडतात. एकोणिसाव्या शतकांत पंढरपूरच्या यात्रेंत पटकी उद्भवली कीं परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती गांवोगांव पोहोंचत असे. वारकऱ्यांच्या भक्तींत कांहीं उणें नव्हतें. उणें होतें तें पिण्याच्या पाण्यांत. चरकाचार्यांनीं जनपदोध्वंसाच्या, म्हणजे मुलूख ओस पाडणाऱ्या रोगांच्या, अध्यायांत वायु, उदक, देश आणि काल हीं चार बिघडलीं म्हणजे सर्व प्रकृतींचीं माणसें एकदम आजारी पडतात असें सांगितलें आहे. आम्हीं हा अध्याय अनेकदां वाचला होता. तथापि आमच्या घरच्या सोंवळ्यानें त्यांतील उदक सोडून माणसेंच तेवढीं दूर ठेविलीं. कोणाच्या सांवलीस शिवूं नये याची बारीक चौकशी होती, पण त्याच घरांत रांजणांत तांब्या बुडवितांना हात कोणी पाहात नसे. जहाजावरचा नियम याच्या अगदीं उलट. तेथें जात नाहीं, पात नाहीं. ज्याचें पोट बिघडलें तो बाजूस, मग तो उतारू असो कीं खलाशी, आणि तोही बरा होईपर्यंतच. हें सोंवळें आम्हांस अधिक शास्त्रशुद्ध वाटलें. मोडलें तेंही आम्हींच.

संध्याकाळपर्यंत सौभाग्यवतीचा रक्तदाब सुधारला आणि डॉक्टरांनीं तिला चमच्याचमच्यानें ओआरएस पाजण्यास सांगितलें. या साध्या पाण्याची थोरवी वाचकांनीं जाणली पाहिजे. १९७१ सालीं बांगलादेशाच्या युद्धसमयीं बंगालमधील बनगांवच्या निर्वासित छावणींत पटकी पसरली व सलाईन पुरेना. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, ग्लुकोज व सोडा यांचें पाणी करून पिंपें भरलीं आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातूनच तें पाजविलें. तेथें शेंकडा तीसच्या घरांत असलेलें मृत्यूचें प्रमाण शेंकडा चारच्या आंत आलें. २०२३ सालीं त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण मिळालें. पुडी हाताशीं नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावें. अधिक मीठ घालूं नये. लघवी थांबली, डोळे खोल गेले, ग्लानि आली वा शौचांतून रक्त पडलें, तर मात्र घरीं न थांबतां डॉक्टरांकडे न्यावें. मूल किंवा वृद्ध असेल तर विशेष त्वरा करावी.

दुसऱ्या दिवशीं सिंगापुरास उतरलों. नातवास घरीं पोहोंचल्यावर दोन वांत्या झाल्या, पण ओआरएसवर तो दुसऱ्या दिवशीं हंसूं-खेळूं लागला. त्या शेजारच्या टेबलावरील वृद्ध बाई शेवटच्या दिवशीं न्याहारीस दिसल्या नव्हत्या. त्यांचें काय झालें तें आम्हांस कळलें नाहीं. सौभाग्यवतीनें या सर्व प्रकारांत आम्हांस एका शब्दानें दुखविलें नाहीं. फक्त जहाजाच्या शिडीवरून उतरतांना, आमच्या हाताचा आधार घेत, ती एवढेंच म्हणाली, "बोट लागली होती ना?"

साखऱ्यास परतल्यावर आम्हीं घरांत दोन गोष्टी केल्या. माठावर लांब दांड्याचें ओगराळें टांगलें, आणि न्हाणीच्या नळाशीं साबणाची वडी जाळीच्या पिशवींत घालून बांधली. पळीपंचपात्रास आम्ही आजही हात लावतों, पण आचमनापूर्वीं साबणानें हात धुतों. शास्त्राचा याला विरोध असेल असें वाटत नाहीं.

गेल्या ज्येष्ठांत शेगांवची श्रीगजानन महाराजांची पालखी नेहमीप्रमाणें आमच्या सेनगांव तालुक्यांतून पंढरीस निघाली. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं चौघांनीं वाटेवर नळ असलेली पाण्याची टांकी, साबण आणि ओआरएसच्या पुड्या ठेवण्याचें ठरविलें. आम्हीं तेथें उभें राहून वारकऱ्यांस पाणी द्यावें, अशी त्यांची इच्छा होती, आणि खरें सांगावयाचें तर आमचीही. परंतु त्या दिवशीं पहांटे आमचें पोट बिघडलें. दोनच वेळां, विशेष कांहीं नव्हतें. धोतर नेसून आम्ही ओटीवर बसलों आणि विचार करीत होतों. तोंच आंतून आवाज आला, "त्या मुलांना फोन करा. आणि काय झालंय तें स्पष्ट सांगा."

आम्हीं फोन केला. "पोट बिघडलें आहे, जुलाब होत आहेत, आज येत नाहीं," असें सांगितलें. पलीकडून मुलगा म्हणाला, "बरं गुरुजी, विश्रांती घ्या. आम्ही पाहातों." त्या वर्षीं पालखीचें दर्शन आम्हांस घडलें नाहीं. संध्याकाळीं मुलें परत आलीं, तीं ओसरीवर लांब बसलीं आणि टांकी तीनदां भरावी लागली म्हणून सांगत होतीं.